चिलीम भरणारा हात

माझा उजवा हात मोडला बुधवारी, दुपारी चारच्या सुमाराला, आमच्याच घराच्या मागच्या दारी. मोडणारा माझा सख्खा थोरला भाऊ, संभाजी. मोरीत पाय घसरून पडली, असं दवाखान्यात आईने सांगितलं, आणि मीही मान हलवली, कारण तेव्हा दुसरं काही हलवायची माझ्यात ताकद नव्हती. आता मात्र जे झालं तेच सांगणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे. आमच्या घरात रागाची टंचाई कधीच नव्हती.

त्या दिवसापासून बरोबर बारा दिवसांनी माझी नर्सिंगची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ती पास झाले तर हडपसरच्या एका हॉस्पिटलात नोकरी आणि राहायला खोली नक्की होती. ती चुकली तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. आणि सहा महिन्यांत संभाजीने मला वारज्याच्या एका स्थळाला देऊन टाकलं असतं. तिथली माणसं सुनेला नोकरी करू देत नाहीत, हे त्यांनी बघायला आल्यावर चहाच्या आधीच सांगितलं होतं. म्हणजे माझं सगळं त्या उजव्या हातावर होतं, हे एवढं ध्यानात ठेवा.

आधी त्या हाताबद्दल सांगते. धायरीत आमची शेती होती, तिच्यावर आता तीन सोसायट्या उभ्या आहेत. शेती गेली, बैल गेले, पण आबांची सोमवारची चिलीम काही गेली नाही. आबा म्हणजे माझे आजोबा, गेनबा. दर सोमवारी दिवेलागणीला भजनी मंडळ आमच्या पडवीत जमायचं आणि भजनाआधी एक, नंतर एक अशा चिलमी फिरायच्या. आमच्या घरात गांजाला गांजा म्हणत नसत. बुटी म्हणत, महादेवाची बुटी. माझा बाप दारू पिऊन मेला, अंगभर पिवळा होऊन, मी सहा वर्षांची असताना. त्यामुळे दारूचं नाव काढलं तरी आई अंगावर धावून यायची, आणि बुटीची पुडी मात्र देव्हाऱ्याखालच्या खणात अष्टगंधाच्या डबीशेजारी असायची. दारू माणसाला खाती, बुटी माणसाला बशिवती, असं आबा म्हणायचे. आम्ही ते खरं मानूनच मोठे झालो.

आबांचे हात कापायचे. म्हणून आठ वर्षांची असल्यापासून त्यांची बुटी मी मळायचे. काड्या काढायच्या, बिया काढायच्या, पाण्याचे दोन थेंब शिंपडायचे आणि डाव्या तळव्यावर उजव्या अंगठ्याने मळत बसायचं. एक बी जरी राहिली तरी ती चिलमीत तडतडते आणि ओढणाऱ्याच्या तोंडावर निखारा उडतो. चौदा वर्षांत माझ्या हातून एक बी राहिली नाही. मृदंग वाजवणारे सोनबा सगळ्यांसमोर म्हणायचे, "गेनबा, पोरीच्या हाताला गुण हाय." आबा खूश व्हायचे आणि मीही व्हायचे. बोटांचा वास जावा म्हणून आई चिंच लावून माझे हात धुवायची.

मळायला पोरगी चालत होती. ओढायचा विषय निघाला की पोरीची जात आठवायची. आजी जिवंत होती तोवर सांगायची, बाईनं ओढला की कूस करपती. पुरुषाचं काही का करपत नाही, असं विचारलं तर लाटणं दाखवायची.

मी पंधरा वर्षांची असताना एका दुपारी पाळीने पोटात अशी कळ आली की मी फरशीवर गडबडा लोळले. आई माहेरी गेली होती, संभाजी बाहेर. आबांनी मला उचलून बसवलं, स्वतःची चिलीम पेटवली आणि माझ्या हातात दिली. "दोन झुरके घे. पोट सुटंल. आन् कुनाला बोलू नगं." पोट सुटलं. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देवाची हाय. काय न्हाय होत." त्या दिवशी मला आबांएवढं जगात कुणीच जवळचं वाटलं नाही.

मग ते महिन्यातून एकदा होऊ लागलं. पुढे दर सोमवारी, मळता मळता थोडी बाजूला ठेवून. नर्सिंगला गेल्यावर नाइट ड्युटी झाली की दुसऱ्या दिवशीही. पोटासाठी पहिले दोन झुरके होते, पुढचे कशासाठी होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. डोकं गप्प व्हायचं एवढं खरं. वॉर्डात मी एकच गोष्ट तीनदा विचारायला लागले तेव्हा माझी मैत्रीण खातून वैतागली. "तुझ्या डोक्यात धूर भरलाय," ती म्हणाली. मी म्हटलं, झाडपाला आहे, काही होत नाही.

खातून शनिवार पेठेतली. तिचे अब्बा, अकबरचाचा, कुलपं आणि किल्ल्या करतात. तिच्या घरी गांजा म्हणजे हराम, विषय संपला. तरीही वर्गातल्या एकीच्या वाढदिवसाला हॉस्टेलच्या गच्चीवर तिने दोनदा ओढला होता. वर मलाच म्हणाली, "वाईट आहे हे मला माहीत आहे. तुला तेही माहीत नाही."

आता संभाजी. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. जिममध्ये जाऊन दंड केले, चौकात स्वतःच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावून भाऊ झाला. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनने गाडी काढा म्हटलं तर त्याचे समोरचे दोन दात पाडले. मला पहिल्यांदा पट्ट्याने मारलं ते केबलवाल्याशी दारात उभी राहून बोलले म्हणून, तेव्हा मी अठराची होते. पाठीवर बक्कल उमटलं होतं. संभाजीला मारायला कारण लागत नसे, फक्त समोर कुणीतरी दुबळं लागायचं. आई दर वेळी म्हणायची, बापाविना वाढला, डोकं गरम हाय त्याचं. मी पण बापाविनाच वाढले होते, ते कुणाच्या लक्षात नसायचं.

त्या आठवड्यात कॉलेजात विजयमाला मॅडम आल्या. त्या पीएच.डी. करत होत्या, तरुण मुलींना नशेबद्दल काय वाटतं या विषयावर. त्यांनी आठ पानांचा फॉर्म वाटला. वर ठळक लिहिलं होतं: नाव लिहू नये, खरी उत्तरे द्यावीत. गांजा ओढल्याने किती धोका आहे असे वाटते? अजिबात नाही, थोडा, बराच, फार मोठा. आपण कधी ओढला आहे का? पहिल्यांदा कोणी दिला? कोठे? माझ्या शेजारी खातूनने "फार मोठा" वर खूण केली आणि खाली "कधीच नाही" वर. गच्चीवरच्या सगळ्याच मुलींनी तेच केलं. मी "अजिबात नाही" वर खूण केली आणि ओढला आहे असं लिहिलं. खातूनने डोकावून बघितलं.

"वेडी आहेस का? असल्या फॉर्मवर खरं कोण लिहितं?"

"नाव कुठंय त्याच्यावर?"

"अक्षर आहे ना."

बाई, तिचं ऐकायला हवं होतं. पण मला लाजच वाटली नाही. ज्या घरात पुडी देव्हाऱ्याखाली असते त्या घरातल्या पोरीला त्यात लपवण्यासारखं काय दिसणार? तास संपला, पानं उरली, मॅडम म्हणाल्या शुक्रवारी आणून द्या. मी फॉर्म घरी आणला आणि पुढची उत्तरं स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून लिहिली. पहिल्यांदा कोणी दिला? आजोबांनी. कोठे? घरी. अगदी वळणदार अक्षरात लिहिलं. मग फॉर्म औषधांच्या पुस्तकात घातला आणि पुस्तक पिशवीत.

बुधवारी वारज्याच्या लोकांनी माझा फोटो मागितला. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. संभाजीने मला हाक मारायच्याऐवजी माझी पिशवी उपडी केली. फोटो सापडला नाही, फॉर्म सापडला.

तो फॉर्म हातात घेऊन मागे आला तेव्हा मला वाटलं कॉलेजचं काहीतरी बिल आहे. "हे तुझं अक्षर?" मी हो म्हटलं. पहिली थप्पड कानावर बसली आणि त्या बाजूचं ऐकू येणं बंद झालं. दुसरी तोंडावर. मी वाळत घातलेल्या चादरीला धरलं, दोरी तुटली, चादरीसकट खाली आले. त्याने चादरीवरूनच लाथा घातल्या. कुठली लाथ कुठे बसते ते मला दिसत नव्हतं, पुढची कधी येणार तेही नाही. मारून दमला की थांबायचा, श्वास घ्यायचा आणि एक शब्द बोलायचा. गांजेकस. सटवी. वारजेवाले. मग पुन्हा लाथ. बरगडीत काहीतरी कटकन वाजलं. मी ओरडले, "आई." स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आई दारात येऊन उभी राहिली, आणि उभीच राहिली.

"कूस करपल्याली पोरगी देऊ व्हय त्यास्नी? उद्या प्वार झालं न्हाय तर माज्या तोंडात शेन घालतील," संभाजी ओरडला.

"आबांनीच दिला होता," मी चादरीतून म्हटलं. "पोट दुखत होतं म्हणून. विचार आबांना."

तो थांबला. खरंच थांबला. आबा दहा पावलांवर, तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसले होते. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी चादर तोंडावरून काढली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आता संपलं, आबा सांगतील आणि हा गप होईल. आबांपुढे संभाजीनं कधी आवाज चढवला नव्हता.

"आबा, तुमी दिला हिला?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग तुळशीकडे बघितलं. "न्हाय बा," ते म्हणाले. "पोरीच्या जातीला मी कशाला दिऊ?"

त्यानंतर जे झालं ते या एका वाक्याने झालं, असं मी मानते. संभाजीने मला केसांना धरून पाट्याजवळ ओढलं. सकाळी आईने मिरची वाटली होती, पाटा अजून ओला होता. त्याने माझ्या मनगटावर गुडघा दिला आणि तळहात पाट्यावर पसरून दाबला. "ह्याच हातानं लिवलंस? आबांचं नाव लिवलंस?" मी म्हणाले, "दादा, परीक्षा आहे." हे शेवटचं दादा. त्याने वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आडवा घातला. पहिल्या घावाला तर्जनी गेली. दुसऱ्याला तळव्यातली दोन हाडं. तिसऱ्याला आई मधे आली, तेव्हा तो वरवंटा फरशीवर पडला आणि फरशीचा टवका उडाला. मिरचीचं पाणी फाटलेल्या कातडीत गेलं होतं. मी ओरडत होते असं आई सांगते, मला तो आवाज आठवत नाही.

फॉर्म त्याने गॅसवर जाळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मोरीत पडल्यावर तळहात वरच्या बाजूने कसा चेचला? आई म्हणाली, बादली पडली. डॉक्टरांनी आईकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. हातात तारा घालून कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. सहा आठवडे. मी मनात दिवस मोजले, परीक्षेआधी मधले अकरा उरले होते.

खातूनला मी फोनवर फक्त "पडले, उजवा हात मोडला" म्हटलं. ती म्हणाली, "खोटं बोलायला तुला एवढ्या उशिरा सुचलं होय?" आणि रडायला लागली. मग नाक पुसून म्हणाली, "डावा तर आहे ना? ये."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या नावाखाली मी शनिवार पेठेत गेले. परीक्षा चुकवून मला सहा महिने थांबता येणार नव्हतं, आणि हे खातूनला पुन्हा सांगायची गरज नव्हती. दुकानाच्या वरच्या खोलीत ती समोर बसली, बाही वर केली आणि हात पुढे केला. "टोच." डाव्या हाताने सुई धरली की ती भलतीकडेच वळायची. पहिल्या दिवशी मी तिची शीर चार वेळा फोडली. ती दात चावून बसायची आणि उरलेल्या हाताने माझ्या पाठीत गुद्दा घालायची. शनिवारपर्यंत तिचे दोन्ही हात कोपरापासून खाली निळेजांभळे झाले. तिच्या अम्मीने बघितलं तेव्हा आधी खातूनला दोन लगावल्या आणि मग सगळं ऐकून घेतलं. नंतर स्वतःची बाही वर केली. "माझ्या शिरा जाड आहेत," म्हणाल्या. असं कुणी माझ्यासाठी केलं की मला राग येतो, का ते कळत नाही. त्या दिवशीही आला आणि मी खूप रडले.

त्या दिवसांत मी बुटीला हात लावला नाही. पुण्य म्हणून नाही. तो वास आला की मिरचीचं पाणी आठवायचं.

सोमवार आला. पोरीचा हात मोडला म्हणून महादेव काही सुट्टी घेत नाही. मंडळ जमलं, सोनबांनी मृदंगाला कणीक लावली, आणि चिलीम भरायची वेळ झाली. आबांच्या हाताला कापरं होतं, मंडळातल्या बाकीच्यांना चौदा वर्षं आयती मिळायची सवय. संभाजी म्हणाला, त्यात काय मोठं, आना हिकडं. बसला मळत. मी आतल्या खोलीच्या दारातून बघत होते. त्याने काड्या काढल्या, बिया तशाच ठेवल्या. मला दिसत होतं आणि मी बोलले नाही.

पहिला झुरका सोनबांचा. चिलमीत दोन बिया लागोपाठ फुटल्या. निखारा उडाला, सोनबांची अर्धी मिशी चर्रकन जळाली. सोनबा तसे शांत गृहस्थ. मिशी चोळत म्हणाले, "संभाभाऊ, बुटी मळली का मोहरी फोडनीला टाकली?"

सगळे हसले. पोट धरून हसले. संभाजी भाऊ झाल्यापासून त्याच्या तोंडावर कुणी हसलं नव्हतं. त्याच्या मानेची शीर फुगली ती मला तिथूनही दिसली.

"बोलवा की पोरीला," कुणीतरी म्हणालं. "पडलीया म्हनं, पन डावा हात तरी हाय."

आबांनी हाक मारली, "शालू, ये बाळ."

बाळ. पाच दिवसांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी पडवीत गेले. प्लॅस्टर बघून हसणं बंद झालं. मी आबांसमोर खाली बसले, देव्हाऱ्याकडे तोंड करून, दर सोमवारी बसायचे तशी.

"मळते आबा. एका हाताने होईल तेवढी मळते. आधी एवढं सांगा, मला पहिला झुरका कुणी दिला?"

"आत जा," संभाजी म्हणाला.

"बुधवारी तुम्ही नाही म्हणालात. मी मोरीत पडले नाही, हे यांना ठाऊक नसेल, तुम्हाला आहे. आज सोमवार आहे, समोर वीणा आहे. आता पुन्हा नाही म्हणा, मी गप मळते."

"शाले, आत जा म्हनलं ना."

आबांच्या हातातल्या चिलमीची राख त्यांच्या धोतरावर सांडत होती. त्यांनी वीणेकडे बघितलं, सोनबांकडे बघितलं. शेवटी माझ्या प्लॅस्टरकडे बघितलं आणि तिथेच बघत राहिले.

"म्या दिला," ते म्हणाले. "प्वाट दुखत हुतं लेकराचं. पंधरा वर्साची हुती. म्याच दिला. बुधवारी खोटं बोललो."

"म्हाताऱ्याला भरम झालाय," संभाजी मंडळाकडे बघून म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने.

"भरम न्हाय. भ्यालो." आबांनी मान वर केली. "तुला भ्यालो, संभा. माज्या म्होरं हिचा हात चेचलास पाट्यावं, आन् म्या तुळशीकडं बघत बसलो."

आणि मग संभाजीने, फ्लेक्सवर हात जोडून उभ्या राहणाऱ्या आमच्या भाऊने, ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या थोबाडीत मारली. पूर्ण हाताने, मागून झोका घेऊन. आबा बसल्या जागेवरून कलंडले आणि त्यांचं डोकं पायरीच्या दगडी कोपऱ्यावर आपटलं. तो आवाज मला वरवंट्याच्या आवाजासारखाच वाटला. चिलमीचे तुकडे झाले. वीणा बाजूला पडून एकदा वाजली.

रक्त आलं ते कानाच्या वरून, भसाभस. मंडळातली पाच माणसं, जन्मभर टाळ कुटलेली, बघत बसली. संभाजीने पुन्हा पाय उचलला. तेव्हा सोनबांनी, जळक्या मिशीच्या म्हाताऱ्याने, मागून मृदंग त्याच्या डोक्यात घातला. चामडं फाटलं आणि संभाजी गुडघ्यावर आला. मग बाकीच्यांना हात असल्याचं आठवलं. चौघांनी त्याला जमिनीवर पालथा दाबला. तो शिव्या देत होता आणि त्याच्या तोंडात माती जात होती.

मी आबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डाव्या हाताने जखम दाबली, बोटांखाली शीर उडत होती ती सापडली, तिच्यावर अंगठा रोवला. "आई, पदर फाड." आई जागची हलली नाही. मी ओरडले तेव्हा ती आली, पण आधी संभाजीसमोर जाऊन उभी राहिली.

"हिला मोरीत पडली म्हनलं," ती त्याला म्हणाली, अगदी हळू. "आता ह्यांचं काय सांगू रं? हेबी मोरीत पडले?"

मग तिने पदर टर्रकन फाडला. एक टोक मी दातात धरलं आणि एका हाताने आबांच्या डोक्याला गच्च पट्टी बांधली. आबांचे डोळे उघडे होते. "शालू," ते म्हणाले, "चुकलं माजं." त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण केलेलं नाही. पट्टी मात्र नीट बांधली होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कुणी बांधली, रक्त जागच्या जागी थांबलंय. या वेळी आईने डॉक्टरांना खरं सांगितलं. माझंही सांगितलं, दोन्ही एकदमच.

त्याच रात्री मी धायरीतून कपड्यांची पिशवी घेऊन निघाले ती खातूनकडे गेले. पोलिसांत तक्रार झाली. संभाजी चार दिवस आत होता, मग जामिनावर सुटला आणि चौकातल्या फ्लेक्सवर पुन्हा हसू लागला. वारजेवाल्यांनी निरोप धाडला की मुलगी आम्हाला पसंत नाही. मला फार वर्षांनी कुणाचा तरी निरोप आवडला.

पुढच्या सोमवारी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्लॅस्टर बघून विचारलं, "डावखुरी आहेस का?"

"नाही मॅडम."

"मग हे?"

"भावाने वरवंट्याने मोडला," मी म्हटलं. हे वाक्य मी परक्या माणसापुढे पहिल्यांदा बोलले आणि छत काही कोसळलं नाही. बाई म्हणाल्या, "ट्रे लाव." समोरच्या म्हाताऱ्या पेशंटची शीर बारीक होती, हातात घेतली की सरकायची. प्लॅस्टरबाहेर राहिलेल्या उजव्या अंगठ्याने मी ती धरली, दाबली, आणि डाव्या हातातली सुई पहिल्या झटक्यात आत गेली. सिरिंजमध्ये रक्त आलं. पास झाले.

बाहेर व्हरांड्यात विजयमाला मॅडम राहिलेले फॉर्म गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, वर्गातला एक फॉर्म कमी आहे. मी म्हटलं, माझा आहे, जळला, दुसरा द्या. त्यांनी कोरा फॉर्म दिला आणि मी बाकावर बसून डाव्या हाताने भरला. अक्षर लहान पोराचं आलं, कुणाला ओळखू न येणारं. पहिल्यांदा कोणी दिला? आजोबांनी. कोठे? घरी. सध्या ओढता का? नाही. मग त्या प्रश्नाशी आले: गांजा ओढल्याने किती धोका आहे असे वाटते? या वेळी मी "फार मोठा" वर खूण केली.

खाली विचारलं होतं, कोणता धोका ते थोडक्यात लिहा. दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. मला एकच पुरली.

मी लिहिलं: मुलीचा हात मोडतात.